मशीन बसवलं, तरी बोलत का नाही?

"ताई, मशीन लावून आठ महिने झाले. अजून 'आई' म्हणत नाही हा. ऑपरेशन वाया गेलं का?" नाशिकच्या माझ्या स्पीच थेरपीच्या खोलीत दिंडोरीकडून आलेल्या त्या माउलीने खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं.

ओम (नाव बदललंय) पावणेचार वर्षांचा. ऐकण्यातला दोष ९० डेसिबलच्या वरचा. शेजारून ट्रॅक्टर गेला तरी मान वळत नसे. कर्ज काढून कॉक्लियर इम्प्लांट केलेलं, म्हणजे एक भाग ऑपरेशनने कानाच्या आत आणि दुसरा, आवाज टिपणारं मशीन, बाहेरून कानावर लावायचा.

आधी वयाचा हिशेब मांडला. ऐकू येणारं मूल पोटात असल्यापासून ऐकतं, तरी पहिला शब्द यायला साधारण वर्ष लागतं. ओमचं ऐकणं सुरू झालं ते मशीन चालू झालं त्या दिवशी. म्हणजे ऐकण्यात तो आठ महिन्यांचाच.

मग विचारलं, "दिवसभर घालतो ना?" ती गप्प. मशीन किती वेळ घातलं याची त्यातली नोंद ऑडिओलॉजिस्टने (श्रवणतज्ज्ञाने) काढली, तर रोजचे जेमतेम तीन तास. द्राक्षबागेतली धूळ, फवारणी, हरवलं तर काय, म्हणून ते रुमालात गुंडाळून मिठाईच्या डब्यात, डबा कपाटात! थेरपीला निघताना बाहेर काढायचं. कर्जाची वस्तू जपणाऱ्याला मी काय रागावणार? दोरी आणि क्लिप लावून ते सदऱ्याला अडकवलं. उठल्यापासून झोपेपर्यंत कानावर, फक्त आंघोळीला आणि फवारणीच्या वेळी काढायचं.

दुसरं म्हणजे "म्हण, आई म्हण" हा घोष. तो थांबवायला सांगितला. त्यापेक्षा भाकरी थापताना त्याला जवळ बसवा. थपथप झाली की कानाकडे बोट न्या, "ऐकलंस?" तवा गरम, चहा गरम, आंघोळीचं पाणी गरम. एकच शब्द दिवसभरात जागोजागी कानावर पडू दे.

"सासूबाई म्हणतात, खुणा केल्या की आळशी होईल. बंद करू?"

मुळीच नको. खुणांनी बोलणं अडत नाही, आणि मनातलं सांगता आलं नाही की मूल चिडतं. इम्प्लांटनंतरही काहींचं बोलणं मर्यादितच राहतं, त्यांना खुणांची भाषाच हक्काची असते. हे मी प्रत्येक पालकाला पहिल्याच भेटीत सांगते, ऐकायला कितीही जड गेलं तरी.

महिन्याभरात नोंद दहा तासांवर गेली. त्यानंतर कुकरची शिट्टी झाली की ओम कानाला हात लावून आईकडे बघू लागला. परवा तिचा फोन आला. तव्याजवळ नेलेला हात मागे घेत तो म्हणाला, "गम." 'आई' अजून नाही. तिने त्याबद्दल विचारलंही नाही.

आता 'गार' घेतलाय.