कच्ची कालवं आणि पोटातला पाहुणा

प्रश्न : कालवं अगदी ताजी होती, वासही नव्हता. तरी दुसऱ्या रात्री उलट्या-जुलाबांनी बेजार झालो. असं कसं?

उत्तर : वास येतो तो मांस कुजवणाऱ्या जिवाणूंमुळे. तुम्हाला बहुधा नोरोव्हायरस या उलट्या-जुलाब घडवणाऱ्या विषाणूनं गाठलं. तो कालवात वाढत नाही की मांस कुजवत नाही, नुसता बसून असतो. शंभराहून कमी कणही आजारी पाडायला पुरू शकतात. लक्षणं 12 ते 48 तासांत दिसतात, म्हणजे तुमचा हिशेब जुळतो.

प्रश्न : विक्रेता कालवं दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवतो, त्याच्याकडे तपासणीचा दाखलाही आहे. मग कच्ची खायला काय हरकत?

उत्तर : हरकत आहे, आणि ती दाखल्यामुळे जात नाही. कालव पाणी गाळून अन्न मिळवतं. मोठं कालव अनुकूल स्थितीत दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी गाळू शकतं. त्यात सांडपाणी मिसळलेलं असेल तर विषाणूही आत साठतात. स्वच्छ पाण्यात ठेवल्यावर ई. कोलायसारखे जिवाणू बऱ्यापैकी बाहेर पडतात. नोरोव्हायरस मात्र कालवाच्या पचनसंस्थेतल्या काही शर्करांना चिकटतो. आपले रक्तगट ठरवणाऱ्या शर्करांशी त्या मिळत्याजुळत्या असतात आणि आपल्या आतड्यातही तो अशांनाच धरतो. त्यामुळे तो दोन दिवसांत धुऊन निघत नाही, कित्येक आठवडे टिकू शकतो. आता गंमत बघा, पुष्कळ ठिकाणी तपासणीत मोजतात ते ई. कोलायच. दाखला खरा असेल, पण तो जिवाणूंबद्दल बोलतो.

प्रश्न : भरपूर लिंबू पिळलं, तिखट सॉस घातला तर?

उत्तर : चव येईल. विषाणू मरणार नाही, सोबत मद्य घेतलं तरी नाही. गोठवल्यावर तर तो छान टिकतो. शिंपला उघडला म्हणजे आतलं शिजलं, हेही खरं नाही. आतलं मांस 90 अंश सेल्सिअसला निदान 90 सेकंद राहायला हवं. लुसलुशीतपणा जातो, मान्य.

प्रश्न : खाऊन महिना झाला. आता डोळे पिवळे दिसतात. इतक्या उशिरा संबंध असेल?

उत्तर : असू शकतो. हिपॅटायटिस ए ही विषाणूमुळे होणारी कावीळ व्हायला 15 ते 50 दिवस लागतात. 1988 मध्ये शांघायला अर्धेकच्चे शिंपले खाऊन सुमारे 3 लाख लोकांना ही कावीळ झाली होती. आजच डॉक्टरांकडे जा आणि महिन्यापूर्वी काय खाल्लं ते आवर्जून सांगा, कारण इतकं मागचं सहसा कोणी विचारत नाही. या काविळीवर लस आहे, पण ती आधी घ्यायची.

प्रश्न : मी बरी झाले. स्वयंपाक कधीपासून करू?

उत्तर : उलट्या-जुलाब नोरोव्हायरसचे असतील तर ते थांबल्यावर किमान 48 तासांनी. विष्ठेतून विषाणू त्यानंतरही दोन आठवडे किंवा जास्त पडत राहतो, म्हणून हात साबण-पाण्यानंच धुवा. सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही.