तंबाखू सोडायची तर आधी तिची नोंद

“सगळं कळतं, पण सुटत नाही. माझ्यात मनोबलच कमी आहे का?” माझ्याकडे येणारे बरेच जण हे विचारतात. कुणाचं मोबाइलवरून, कुणाचं रात्रीच्या फरसाणावरून, आणि आमच्या खान्देशात हमखास तंबाखूवरून. पारोळ्याकडच्या एका कृषी केंद्राच्या मालकांनी तेच अहिराणीत विचारलं: “मॅडम, समजस, पन जमत नई.” (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

दर आषाढी एकादशीला भाऊंची शपथ ठरलेली. चार दिवस टिकायची, मग दुप्पट खाणं आणि वर घरच्यांची बोलणी. “जेवण झालं की लागतेच,” हे त्यांचं स्वतःचं निदान.

मी म्हटलं, आठवडाभर सोडू नका. फक्त पुडी हातात घेतली की मळायच्या आधी बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहा: किती वाजले, समोर कोण आहे, नुकतंच काय झालं. भाऊ नाराज झाले. एवढ्या उन्हात एसटीने जळगावला यायचं आणि मॅडमने सोडू नका म्हणायचं! शिवाय मी अट घातली, नोंद तुम्हीच करायची, वहिनींनी नाही. दुसऱ्याने ठेवली की ती पाळत होते आणि माणूस लपून खायला लागतो.

जून महिना, कापूस लागवडीची घाई. पानावर अशा ओळी होत्या: “11.20. गावातला गिऱ्हाईक. मागची बाकी आहे, वर दोन बॅगा युरिया मागतो.” “12.05. बियाण्याची पाकिटं, पैसे कापूस विकल्यावर.” जेवणानंतरच्या नोंदी मोजक्याच. बहुतेक ठिकाणी समोर उधारी मागणारा उभा. नाही म्हणवत नाही, तसा हात खिशात जातो. चुना लावायचा, मळायचं, थापटायचं, समोरच्यालाही चिमूटभर द्यायची. वाचता वाचता भाऊच म्हणाले, “तोंडात बार असला म्हणजे बोलावं लागत नाही.” तोवर बॅग गाडीवर चढलेली असते.

मनोबलाचा प्रश्न इथे मला तरी दुय्यम वाटतो. तंबाखू त्यांचं एक काम करत होती, अवघड उत्तर टाळून देत होती. ते काम दुसऱ्या कशाने तरी व्हायला हवं. म्हणून ठरलं की उधारीचा विषय निघाला की दोन्ही हातांनी खतावणी उघडायची आणि मागची बाकी मोठ्याने वाचायची. हात गुंततात, विचाराला वेळ मिळतो. एक-दोन गिऱ्हाईकं रुसून दुसऱ्या दुकानात गेली. भाऊंनी तेही लिहून ठेवलं.

सकाळचा बार मात्र वेगळा. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागत असेल, तर शरीराला निकोटिनची चांगलीच सवय लागलेली असते. नुसत्या नोंदींनी ती उतरत नाही. त्यासाठी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, तोंडही तपासून घेतलं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिन गम सुरू झाला. ज्यांना लांब जाणं जमत नाही, त्यांच्यासाठी 1800-11-2356 ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्याकडच्या देवीच्या उत्सवाला, भाऊबंद जमले, रात्रभर जागरण झालं आणि पुडी फिरली. “21 दिवस पुरे व्हायच्या आत मोडलं, आता पुन्हा एकपासून,” असा पडेल आवाजात फोन. 21 दिवसांत सवय बदलते, हा आकडा व्हॉट्सअॅपवर फार फिरतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या 2010 च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. अभ्यास नवी सवय लावण्याचा आहे, व्यसन सोडण्याचा नाही, पण खतावणी उघडण्याची सवय नवीच होती. मी एवढंच विचारलं, रोटांच्या रात्रीची नोंद केलीत का? केली होती.

दुकानातली तंबाखू आता जवळपास थांबली आहे, सकाळची कमी होते आहे. सध्या आमचं बोलणं सख्ख्या मेव्हण्यावर अडलंय. सगळ्यात मोठी बाकी त्याचीच आहे आणि त्याच्यापुढे खतावणी काही उघडत नाही.