टिमिन्सची नोकरी, आणि अर्जात कुणाकुणाची नावं?

प्रश्न : माझे पती अवजड यंत्रांचे मेकॅनिक आहेत. कॅनडात ग्रामीण भागासाठी जी स्थलांतर योजना आहे, तिच्यातून टिमिन्सच्या एका कंपनीनं त्यांना नोकरीचं पत्र दिलंय. मुलगी २१ वर्षांची, मुलगा आठवीत, सासूबाई आमच्याकडेच असतात. एजंट म्हणतो, अर्जात फक्त पतींचं नाव घाला, बँकेत पैसे कमी दाखवावे लागतील, तुम्हाला नंतर बोलावता येईल. काय करावं? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, या एजंटचं अजिबात ऐकू नका. पती आधी एकटे गेले तरी चालेल, पण कायम वास्तव्याच्या अर्जात तुमचं आणि दोन्ही मुलांचं नाव असलंच पाहिजे. ज्याचं नाव दिलं नाही आणि ज्याची वैद्यकीय तपासणी झाली नाही, त्याला पुढे कुटुंबीय म्हणून बोलावण्याचा मार्ग सहसा बंद होतो. पैसेही वाचत नाहीत, कारण बँकेत दाखवायची रक्कम कुटुंबातल्या एकूण माणसांवर ठरते. मागे राहणारेही त्यात धरले जातात.

मुलीच्या बाबतीत घाई करा. २२ पूर्ण होण्याआधीच, आणि अविवाहित असेल तरच, ती अवलंबून असलेलं अपत्य धरली जाते. वय मोजतात ते कायम वास्तव्याचा पूर्ण अर्ज पोचतो त्या दिवशीचं. एखादं प्रमाणपत्र कमी म्हणून अर्ज परत आला आणि मध्ये तिचा वाढदिवस उलटला, तर तिचं नाव गळतं. या अर्जाला नोकरीच्या पत्राबरोबर टिमिन्सच्या स्थानिक संस्थेची शिफारसही लागते. कंपनी त्या संस्थेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते आजच पाहा. पतींच्या कामाला इंग्रजीची पाचवी पातळी लागते, म्हणजे आयईएलटीएस जनरलमध्ये वाचनात किमान ४ आणि लेखन, श्रवण, संभाषण या प्रत्येकात ५. ही परीक्षा लगेच द्यायला सांगा.

आपल्याकडे अर्ज अडतात ते बहुधा नावांमुळे. लग्नाची नोंदणी नसेल तर आधी ती करून घ्या, पत्रिका आणि फोटोंवर भागत नाही. तुमचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. मुलांच्या जन्मदाखल्यावर बाळाचं नाव आहे ना, हेही बघा. जुन्या दाखल्यांत बरेचदा ती जागा कोरी असते. मराठी दाखल्यांचं भाषांतर घरच्यांनी केलेलं चालत नाही. पोलीस पडताळणीचं प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयातून घ्यायचं, १८ वर्षांवरच्या प्रत्येकाचं, म्हणजे मुलीचंही.

अर्ज पोचल्याची पावती आली की पतींना त्या कंपनीपुरता दोन वर्षांचा कामाचा परवाना मागता येतो, आणि तुम्हाला कुठेही काम करता येईल असा खुला परवाना. मुलीला तो मिळत नाही. कायम वास्तव्य मिळेपर्यंत तिनं इथेच पदवी पूर्ण करावी हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. तिथे स्वतंत्र विद्यार्थी परवान्यावर परदेशी विद्यार्थ्यांची फी फार पडते.

मुलाच्या लशींकडे मात्र हमखास दुर्लक्ष होतं. टिमिन्स ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओत शाळेला लसीकरणाची नोंद लागते. आपल्या सरकारी दवाखान्यात गोवर-रुबेलाची लस देतात, तिच्यात गालगुंडाची नसते. शिवाय तिथे कांजिण्या आणि मेंदूज्वराच्या (मेनिंगोकॉकल) लशीही मागतात. बालरोगतज्ज्ञांकडून राहिलेले डोस पूर्ण करून तारखांसह इंग्रजीत लिहून घ्या. शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये जाणं उत्तम. थंडीआधी घर आणि गाडीची सोयही लागते. तिथे गाडीवाचून भागत नाही, म्हणून पतींनी परवान्याचा आरटीओचा उतारा बरोबर न्यावा. जुना अनुभव धरला गेला तर वाहन परवान्यासाठीची वाट कमी होते.

सासूबाईंना या अर्जात घेता येत नाही. पतींना कायम वास्तव्य मिळाल्यावर त्या सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांसाठीच्या दीर्घ भेटीच्या व्हिसावर, एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू शकतात. त्यासाठी पतींचं ठरलेल्या मर्यादेएवढं उत्पन्न आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा लागतो. तोवर त्यांच्याजवळ कोण राहणार, हे तिकिटं काढण्याआधी ठरवा.

एजंटचं नाव कॅनडाच्या स्थलांतर सल्लागारांच्या अधिकृत नोंदवहीत शोधा, ती ऑनलाइन खुली आहे. नाव नसेल, किंवा तो नोकरीच्या पत्राचे पैसे मागत असेल, तर मूळ कागदपत्रं आजच परत घ्या.