सहविकर हे विकर असतं का?

प्रश्न असा आहे: गोळ्यांच्या डबीवर ‘को-एन्झाइम क्यू टेन’ असं छापलेलं असतं. एन्झाइमला विकर म्हणतात, तर याला सहविकर म्हणावं का? आणि ते म्हणजे आणखी एक विकरच का?

सहविकर जरूर म्हणावं. घोळ होतो तो ‘सह’मुळे. सहलेखक हा लेखक असतोच, सहप्रवासी प्रवासी असतोच. सहविकर मात्र विकर नसतं. विकर हे बहुधा भलंमोठं प्रथिन, शरीरातल्या रासायनिक क्रियांना वेग देणारं. सहविकर हा प्रथिन नसलेला लहानसा सेंद्रिय रेणू. तो नसला तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या विकराचं काम अडतं, आणि एकट्या त्याच्याकडून ती क्रिया होत नाही.

हे पहिल्यांदा दिसलं ते यीस्टच्या रसात. १९०६ साली लंडनमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग या शास्त्रज्ञांनी तो रस जिलेटिनच्या गाळणीतून दाब देऊन गाळला. वर राहिलेला भाग साखर आंबवेना, खाली उतरलेलाही आंबवेना. दोन्ही एकत्र केले की आंबणं पुन्हा सुरू! शिवाय खालचा भाग उकळला तरी त्याचा गुण जाईना. विकर असतं तर उकळल्यावर निकामी झालं असतं. त्या भागातला एक कळीचा रेणू म्हणजे आज एनएडी या नावानं ओळखलं जाणारं सहविकर.

हे एनएडी शरीर नायसिनपासून, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वापासून बनवतं. म्हणून ‘जीवनसत्त्व म्हणजेच सहविकर’ असं सरसकट लिहू नये. बी गटातली जीवनसत्त्वं हा सहविकरांचा कच्चा माल. त्यातलं नायसिन कमी पडलं की पेलाग्रा हा रोग होतो: उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, माणूस भ्रमिष्ट होतो. दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत हा रोग दिसे. हैदराबादचे पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी १९६०च्या सुमारास ज्वारीतल्या जादा ल्युसिनकडे (हे एक अमिनो आम्ल, प्रथिनांचा घटक) बोट दाखवलं; त्यावर पुढे वाद झाले. भाकरीत दोष काढायचं कारण नाही, सोबत डाळ-शेंगदाणे हवेत.

क्यू टेन आपल्या पेशी स्वतःच बनवतात, म्हणून ते जीवनसत्त्वांत मोडत नाही. तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) म्हणजे पेशीतलं ऊर्जाकेंद्र; तिच्या आतल्या पटलात इलेक्ट्रॉन पुढे पोचवणं हे त्याचं मुख्य काम. ‘टेन’ हा मात्रेचा किंवा ताकदीचा आकडा नव्हे. रेणूच्या शेपटीत आयसोप्रीन या छोट्या कार्बनी घटकाचे दहा दुवे असतात, एवढाच त्याचा अर्थ. उंदराच्या शरीरात मुख्यतः नऊ दुव्यांचं क्यू नाइन सापडतं.