विकिपीडियावर लिहिलेला परिच्छेद राखाडी चौकटीत का जातो?

ओळीच्या सुरुवातीला स्पेस पडलीय, म्हणून. वहीत परिच्छेद सुरू करताना जागा सोडायची शाळेतली सवय इथे नडते. विकीला ओळीच्या आरंभी एक जरी मोकळी जागा दिसली, की तो मजकूर जसाच्या तसा चौकटीत टाकतो आणि लांब ओळ पानाबाहेर पळते. ती स्पेस खोडा, काम झालं. नवा परिच्छेद हवा असेल तर मध्ये एक पूर्ण ओळ रिकामी सोडा. एकदाच एंटर मारलंत तर दोन्ही ओळी चिकटूनच दिसतील.

ठळक अक्षरांचं म्हणाल तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन साधी एकेरी अवतरणचिन्हं लागतात: '''रायगड'''. वर्डमधून मजकूर चिकटवला असेल तर त्यातली वळणदार चिन्हं चालत नाहीत, ती कीबोर्डवरून पुन्हा टाइप करा.

दुव्यांचं, म्हणजे दुहेरी चौकोनी कंसात लिहिलेल्या, दुसऱ्या लेखाकडे नेणाऱ्या लिंकांचं, मात्र नीट समजून घ्या, मराठीत सगळे इथेच अडकतात. लेखाचं नाव 'पुणे' आणि वाक्यात 'पुण्यात'. [[पुण्यात]] लिहिलंत तर त्या नावाचा लेख नसल्यामुळे लाल दुवा येतो. म्हणून [[पुणे|पुण्यात]] असं लिहायचं: उभ्या रेघेआधी लेखाचं नाव, नंतर वाक्यात दिसायला हवा तो शब्द. [[मुंबई]]त सारख्या ठिकाणी मूळ नाव बदलत नाही, तिथे प्रत्यय कंसाबाहेर ठेवला तरी भागतं.

जतन करण्याआधी झलक बघत जा. आणि हात बसेपर्यंत प्रयोग धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, करा, ती त्यासाठीच आहे.