'तुरळक ठिकाणी मुसळधार' म्हणजे किती पाऊस?

प्रश्न : अंदाज होता, 'नागपूर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार'. आमच्याकडे थेंबही पडला नाही. उलट तीन-तीन दिवस झड लागते, तेव्हा अंदाजात नुसता 'मध्यम' पाऊस असतो. या शब्दांना काही माप आहे का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : आहे, आणि ते पक्के आहे. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे हवामान खात्याचा 'मुसळधार', 204.4 पर्यंत 'अति मुसळधार'. 15.6 ते 64.4 हा 'मध्यम'. झडीत दिवसाला वीस-पंचवीस मिलिमीटर पडला, तर चिखल कितीही होवो, पाऊस मध्यमच. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. म्हणजे मानेवाडा कोरडा राहूनही अंदाज बरोबर ठरू शकतो.

घोळ होतो तो 'अतिवृष्टी'त. पीकनुकसानीच्या मदतीसाठी महसूल विभाग महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेलेल्या पावसाला अतिवृष्टी म्हणतो. हवामान खात्याच्या लेखी तो नुसता मुसळधार. शेतकऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवलाच पाहिजे.

'ढगफुटी' हा शब्द तर फारच सैल वापरला जातो. तिला छोट्या भागात तासाभरात 100 मिलिमीटर लागतो. सप्टेंबर 2023 मध्ये नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या, तेव्हा चारेक तासांत सुमारे 100 मिलिमीटर पडला होता. दिवसभरात विभागून पडता तर तोच आकडा शहराने बराच सोसला असता.

प्रश्न : घरी पाऊस मोजता येईल का?

उत्तर : जरूर. सरळ भिंतींची दोन लिटरची बाटली वरून कापा आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. पाणी उडत नाही, वाफही कमी होते. बूड खोलगट असते, म्हणून बाटली सरळ होते तिथपर्यंत आधी पाणी भरा, तिथे शून्य. वर पट्टी चिकटवा. तोंड जमिनीपासून फूटभर उंच ठेवा आणि भिंत किंवा झाड जितके उंच, त्याच्या किमान दुप्पट दूर. गच्चीवर वारा घुमतो आणि पाऊस कमी भरतो.

नोंद हवामान खात्यासारखीच रोज सकाळी 8.30 ला घ्या. सोमवारी दुपारी पडलेला पाऊस मंगळवारच्या आकड्यात येतो. बातमीतला आकडा आपल्याशी जुळत नाही, तो बहुधा याच कारणाने.