वाचक विचारतात: ‘ई एल जी’ म्हणजे कोणती कंपनी?

प्रश्न : पणजोबांच्या लोखंडी पेटीत एक चिमुकलं रिव्हॉल्व्हर सापडलं. गोळ्यांची पाच घरं, घोडा दिसत नाही, ट्रिगर खाली दुमडतो. लंबगोलात ‘ई एल जी’ व तारा, बॅरलवर मुकुटाखाली ‘आर’. कंपनी कोणती? .२२ ची गोळी चालेल का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : ती कंपनी नव्हेच. बेल्जियममधल्या लिएज शहराच्या सरकारी चाचणीगृहाचा तो शिक्का. लंबगोलावर मुकुट असेल तर शिक्का १८९३ नंतरचा; मुकुटाखालचा ‘आर’ म्हणजे नळीत आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा) आहेत. तिथं असंख्य छोटे कारखाने होते आणि बरेच नाव कोरतच नसत, त्यामुळे कर्त्याचा शोध अनेकदा इथंच अडतो.

वर्णनावरून हे ‘व्हेलोडॉग’ वाटतं. सायकलस्वारांनी अंगावर येणाऱ्या कुत्र्यांसाठी बाळगायचं. खूण सिलिंडरची, म्हणजे गोळ्यांची घरं असलेल्या फिरत्या भागाची: व्हेलोडॉगचं काडतूस बारीक पण लांब, नळकांडं (गोळीमागचं दारूचं कवच) सुमारे ३० मिमी, म्हणून सिलिंडरही लांबट. .२२ लाँग रायफल या नेहमीच्या .२२ काडतुसाचं नळकांडं जेमतेम १५.६ मिमी. शिवाय व्हेलोडॉगची पिन काडतुसाच्या बुडावर मधोमध ठोकते, .२२ ला बुडाच्या कडेला ठोका लागतो. तेव्हा कुठलीच गोळी घालून पाहू नका. सिलिंडरच्या घरात काडतूस अडकलेलं दिसलं तर ठोकून काढू नका.

अक्षरं वाचायला बॅटरीचा उजेड तिरपा धरा, भिंग लावा. पॉलिश पेपर मारलात की शिक्के गेलेच! आणि परवाना नसेल तर शस्त्र कायदा १९५९, कलम २१ प्रमाणे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या.